वैनगंगेचा काठ मोजणारा दोर

मी अंबाडीचा दोर आहे. विहिरीचं पाणी मी कधी ओढलं नाही, बैलही बांधले नाहीत. दहा वर्षं मी एकच काम केलं. वैनगंगेच्या काठावरचं एक चर्च आणि नदी यांच्यात किती जमीन उरली, ते मोजलं.

बपेरा गावाच्या खाली, नदी जिथे वळते, तिथे आमचं गाव. चर्च दगडाचं, वर कवेलूंचं छप्पर, आत सहा सागवानी बाक. गावातले सगळे त्याला देऊळच म्हणत. शंभराहून जास्त वर्षं ते उभं होतं. एके काळी तिथे पंधरा-वीस घरांची मंडळी जमायची. मग माणसं नोकरीपायी नागपूरला, रायपूरला गेली आणि एकट्या रत्नाबाई उरल्या. त्यांचे वडील तिथले पाळक होते. रत्नाबाई रोज झाडून काढायच्या, रविवारी दार उघडायच्या आणि एकट्याच गाणं म्हणायच्या.

चर्चच्या मागे, नदीच्या बाजूला, एक छोटी कबर होती. रत्नाबाईंची थोरली लेक मोना चार वर्षांची असताना तापाने गेली, तिची.

मला वळलं टिकारामने. त्याचं धानाचं वावर चर्चला लागूनच. एका पावसाळ्यात त्या वावराचा कोपरा नदीत गेला. तेव्हा त्याने घरची अंबाडी तळ्यात भिजवली, सोलली, आणि ओसरीवर बसून मला वळलं. साठ हातांचा. दरवर्षी पूर ओसरला की तो आणि रत्नाबाई मला घेऊन निघायचे. एक टोक भिंतीपाशी रत्नाबाई धरायच्या, दुसरं घेऊन टिकाराम काठाकडे जायचा. जमीन जिथे संपे, तिथे तो माझ्यावर गाठ मारी. पहिल्या वर्षी गाठ अगदी टोकाला बसली. तिसऱ्या वर्षी दहा हात आत. सहाव्या वर्षी मी निम्माच लागलो.

रत्नाबाईंनी सरकारकडे अर्ज केले, एसटीने हेलपाटे घातले. एकदा साहेब आले. त्यांनी फोटो काढले, इमारत जुनी आणि मोलाची आहे म्हणाले. काठाला दगडी भिंत घालायची तर वरून मंजुरी लागेल, असंही म्हणाले आणि जीपमध्ये बसले. रत्नाबाईंची धाकटी मुलगी रश्मी नागपूरला नर्स आहे. ती दर सुट्टीत आईला न्यायला यायची. या वर्षीचं मोजून होऊ दे, मग बघू, असं म्हणून रत्नाबाई तिला परत पाठवायच्या.

दहाव्या वर्षी चौदा हात उरले. कबर भिंतीपासून बारा हातांवर होती. टिकारामने गाठ मारली आणि मला तसाच हातात धरून तो उभा राहिला.

“देऊळ गेलं तं गेलं, टिकाराम,” रत्नाबाई म्हणाल्या. “पन मोनाले पान्यात नको जाऊ देऊ.”

टिकारामच्या वावराच्या वरच्या अंगाला, रस्त्याकडे, एक रुंद, उंच धुरा, म्हणजे बांध, आहे. त्यावर मोहाचं झाड. तिथली जागा तो देतो म्हणाला. त्याच्या बायकोला, शकुनबाईला, ते पटलं नाही. दोन दिवस त्या घरात कोणी धड जेवलं नाही. मी खुंटीवर टांगलेला, सगळं ऐकत होतो.

“आपल्या वावरात मसन कायले आनता?” ती म्हणाली. उद्या सुना येतील, लेकरं खेळतील, त्यांनी भीत भीत राहायचं का, असं तिचं म्हणणं.

“चार वर्साचं लेकरू हाय थे,” टिकाराम म्हणाला. “त्याले कोन भेते?”

तरी ती हो काही म्हणाली नाही.

धान कापून झालं. एका सकाळी टिकाराम आणि गावातले चौघे कबरीपाशी आले. वरची शिळा मला बांधून त्यांनी ती बाजूला ओढली. मोजण्याशिवाय मी काही केलं असेल तर तेवढंच. मोनाला पुरून चाळीस वर्षं झाली होती. खाली मातीशिवाय काही दिसेना. तरी रत्नाबाई बसल्या आणि ओंजळ ओंजळ माती बोटांनी चाळू लागल्या. माणसं दुसरीकडे बघत उभी राहिली.

शकुनबाई बांधावरून पाहत होती. ती बहुतेक थांबवायलाच आली असावी. ती वळली, घरी गेली आणि धान पाखडायचं सूप घेऊन परत आली. रत्नाबाईंसमोर बसून सुपात माती घेऊन हळूहळू हलवू लागली. ऊन डोक्यावर आलं तरी दोघी उठल्या नाहीत. मग शकुनबाईचा हात थांबला. सुपात निळ्या काचेची, अर्धी तुटलेली, एवढीशी बांगडी होती.

तिने ती पदराने पुसली. “घ्या बाई,” म्हणाली. “तुमच्या पोरीची हाय.”

रत्नाबाईंनी ती मुठीत घेतली. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. शकुनबाईने मातीचं सूप उचललं आणि कोणाला न विचारता वरच्या धुऱ्याकडे चालू लागली.

उन्हाळ्यात गावाने कवेलू उतरवले, दार आणि बाक शाळेत नेले. दगड तेवढे राहिले. पुढच्या भादव्यात, भर दुपारी, मागची भिंत पाण्यात बसली आणि तिच्यामागून उरलेलं सगळं. फार मोठा आवाज झाला नाही. रत्नाबाई टिकारामच्या ओसरीवरून बघत होत्या. शकुनबाई त्यांचा हात धरून बसली होती.

दसऱ्यानंतर रश्मी आईला घेऊन गेली. एसटी सुटायच्या आधी शकुनबाई खिडकीशी गेली. “तुमी निवांत जा, बाई. मी तं रोजच वावरात जाऊन राहिली. पाहीन ना मी तिले.”

आता मी टिकारामच्या माळ्यावर पडून आहे. जागोजागी विरलो आहे. परवा भारे बांधायला दोर हवा होता, तेव्हा शकुनबाईने मला खाली काढलं, उलटसुलट पाहिलं आणि परत वर ठेवलं. उद्या दुसरं कोणी काढेल. त्याने मला खुशाल वापरावं, ओझी बांधावीत, गुरं बांधावीत. फक्त गाठी सोडू नयेत. त्या सुटल्या तर मी पुन्हा साठ हातांचा साधा दोर होईन, आणि नदीत आता जिथे नुसतं पाणी दिसतं तिथे काय उभं होतं, ते मला सांगता येणार नाही.