कपाटामागचे सासरे

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती आणि धूर इतका, की शेजारचा माणूस धड दिसेना. धूरबाबा डोळ्यांवर पट्टी बांधून आसनावर बसले होते.

"खांबापाशी एक बाई उठली. बस, माये."

बाई मटकन बसली. सगळ्यांनी हात जोडले.

मी कामावरून तशीच बर्फातून धावत आले होते. मी कामावर गेले की सासूबाई माझ्या दमेकरी लेकीला रोज इथे आणतात, हे आजच शेजारणीने सांगितलं. बाबांनी तिचा औषधाचा पंपही बंद करवला होता. सासूबाईंच्या मांडीवर ती नुसती खोकत होती.

"म्हातारे, तुझ्यामागे कुणी उभं आहे," बाबा म्हणाले. "तू हललीस की तोही हलतो. तुझा धनीच. नातीचा श्वास त्यानं धरलाय. धुरानं सुटेल."

सासूबाई रडत मला म्हणाल्या, "अगं, तुझे सासरे आलेत गं."

मी त्यांच्यामागे चाचपडले. हाताला लोखंडी कपाट लागलं. एकामागे दुसरा दिसायची ही चूक माझ्या रोजच्या ओळखीची. आम्ही कंपनीत गाड्यांचे रडार बर्फात, धुरात तपासतो. धूर रडारला अडवत नाही. पण माणसामागे पत्रा असला, की लहरी त्यावर आपटून परततात आणि स्क्रीनवर एकाचे दोन दिसतात. म्हणजे बाबांपाशीही रडारच होतं.

ओला बर्फ मात्र रडारला आंधळं करतो. बाहेर तो पडतच होता. ओंजळभर आणला, आसनावरच्या हारांमागे हात घातला. तिथे रडारची डबी होती. तिच्या तोंडावर बर्फ थापला आणि म्हटलं, "आता कोणीही उठा, कोणीही बसा. बाबा सांगतील."

बाबा कान दाबत बसले. "आज आत्मे रुसलेत."

"सर्दी झाली असेल त्यांना," मागून कुणीतरी म्हणालं.

लोकांनी खिडक्या उघडल्या. पडद्याआड एक शिष्य हातात माइक धरून रिकामी स्क्रीन बाहीने पुसत होता. तो ठिपके बघायचा आणि बाबांच्या कानात बोलायचा. चमत्कार एवढाच.

घरी पंप दिल्यावर लेकीचा श्वास हळूहळू लयीत आला. सासूबाई तिचे पाय चोळत होत्या.

"म्हणजे ते नव्हतेच?"

"नाही, आई."

"मग मी पोरीला कशासाठी गं धुरात बसवलं?"

मी त्यांच्या शेजारी बसले. धुरापलीकडचं ओळखायचा माझा धंदा, आणि सासरे गेल्यापासून त्या दिवसभर कुणाशी बोलतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

ज्यांच्या घरी दमेकरी मूल आहे त्यांना हात जोडून सांगते, धूर कुणाच्याही नावाने केला तरी धूरच. डॉक्टरखेरीज कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर तिथून उठा. आणि घरातलं एकटं माणूस अशा दारात जाण्याआधी त्याच्यापाशी जरा बसा.