खाली खांब नसलेला जिना

कठडा घट्ट धरायची गरज नाही, निर्धास्त या वर. बोलतोय तो मीच, तुमच्या पायाखालचा दगडी जिना. नॉटिंगहॅममधल्या एका लाल विटांच्या घरात मी दोनशेहून जास्त वर्षं उभा आहे. भिंतीतून निघतो आणि गोल वळण घेत वरच्या मजल्यावर जातो. माझ्याखाली ना खांब, ना तुळई. नवखी माणसं आधी वाकून खाली बघतात, मग चढतात. मला त्याची सवय झालीय. खरं सांगायचं तर मजाही वाटते.

मला घडवलं गास्पार मोर्वेल या फ्रेंच वास्तुविशारदानं. दक्षिण फ्रान्समधल्या एका पाथरवटाचा हा मुलगा. पॅरिसला जाऊन शिकला, चाळिशीच्या आत नावारूपाला आला. सरदारांसाठी प्रासाद बांधले, एक मोठं नाट्यगृह बांधलं. मग फ्रान्समध्ये क्रांती झाली. ज्यांच्यासाठी बांधलं त्यांतले काही पळाले, काहींची डोकी उडाली. त्याचं नाट्यगृह पाडून दगड बराकींसाठी नेले. ते डोळ्यांनी पाहिल्यावर त्यानं बायकोला, मातिल्दला, बरोबर घेतलं आणि इंग्लंड गाठलं.

इथं त्याला ओळखतंय कोण? नॉटिंगहॅम तेव्हा लेसचं शहर होतं. नाट्यगृह बांधणारा माणूस लेसच्या कारखान्यात फुलापानांचे नमुने काढून देऊ लागला. इंग्रजी यथातथाच, पण मान ताठ. कारखान्याचे मालक हॅलम यांनी नवं घर बांधायला काढलं, तेव्हा हा पुढे होऊन म्हणाला, "जिना मी करतो. खाली आधार नसलेला."

हॅलमनी त्याला जेवायला बोलावलं आणि विचारलं, कसा उभा राहणार? गास्पारला शब्द सापडेनात. मग त्यानं टेबलावरचं चीज ओढलं, सुरीनं त्याचे तुकडे केले, पावाला खाचा पाडल्या आणि एकेका तुकड्याचं टोक खाचेत खोचलं. प्रत्येक तुकडा खालच्या तुकड्यावर जरासा टेकलेला. सगळ्यांत वर त्यानं मीठदाणी ठेवली. काही हललं नाही. हॅलम हसत सुटले. "बांध," म्हणाले, आणि वरची पायरी उचलून तोंडात टाकली.

माझा दगड डर्बीशायरच्या खाणीतून आला. सांधा मनाजोगता जुळला नाही, की गास्पार स्वतः छिन्नी घेऊन बसायचा. पायऱ्या त्यानं मुद्दाम ठेंगण्या ठेवल्या. मातिल्दचे गुडघे दुखायचे, आणि उंच पायरी म्हणजे काय ते तो घरी रोज बघत होता.

मी पुरा झालो, पण खालचे लाकडी टेकू काढायला गवंडी तयार होईनात.

"साहेब, खाली काहीच नाही," मुकादम म्हणाला. "माणसं मरतील."

गास्पारनं एक खुर्ची आणली, बरोबर माझ्या वळणाखाली ठेवली आणि बसला. "आता काढा."

मातिल्द दारात उभी होती. तिनं दुसरी खुर्ची ओढत आणली आणि त्याच्या शेजारी बसली.

"तू बाहेर जा," तो म्हणाला.

"तुम्हांला खात्री आहे ना? मग मला का उठवताय?"

टेकू एकेक करून निघाले. मी केसभर खाली सरकलो, दगड दगडावर नीट बसला, आणि थांबलो. अजून तिथंच आहे.

पुढे गास्पारला कामं मिळाली. त्यानं इथं धान्याचा बाजार बांधला, एक चॅपल बांधलं. फ्रान्समधलं वादळ शमल्यावर पॅरिसहून बोलावणंही आलं. तो म्हणाला, "तिथं बांधलेलं पाडून झालंय. इथलं अजून उभं आहे, मी इथंच बरा." त्याची कबर याच शहरात आहे. पुढे बाजार आगीत गेला, चॅपल रस्ता रुंद करताना गेलं. त्याच्या हातचं आता फक्त मी उरलोय.

हॅलमांच्या काही पिढ्यांनंतर घर विकलं गेलं आणि तिथं इस्पितळातल्या डॉक्टरांची राहायची सोय झाली. सत्तरच्या दशकात पुण्याहून डॉ. श्रीनिवास आणि डॉ. सुप्रभा हे नवं जोडपं वरच्या खोलीत आलं. मराठी मी त्यांच्याकडूनच शिकलो. फोन माझ्या पायथ्याशी होता. रविवारी घरी फोन लावायला डॉक्टर मंडळी माझ्या पायऱ्यांवर रांगेनं बसायची, संत्री सोलायची, कुणाची नाइट ड्यूटी जास्त यावर भांडायची. "पुढच्या वर्षी परत जाऊ," असं सुप्रभा दरवर्षी म्हणायची. मग त्यांनी याच शहरात घर घेतलं. काही वर्षांनी डॉक्टरांची ही सोयही बंद झाली. मागे राहिलो मी आणि कबुतरं.

गेल्या वर्षी एका बिल्डरनं हे घर फ्लॅट करायला घेतलं. मी त्यांना अडचण वाटलो, जागा फार खातो म्हणून. त्यात माझ्या एका पायरीला बारीक तडा गेला होता. तपासणीसाठी मिल्टन कीन्सच्या एका फर्मनं इंजिनिअर पाठवली. ती निघाली ईशानी, श्रीनिवास आणि सुप्रभाची मुलगी. जन्म, शाळा, सगळं इथलंच. लहान हातोडीनं टकटक करत, कान लावून तिनं मला वरपर्यंत ऐकलं.

साइट मॅनेजर ग्रेग तिला म्हणाला, "खाली सपोर्ट नाही. अनसेफ लिहून टाक, सगळ्यांचंच सोपं होईल."

तिनं माझ्यावर बसूनच घरी फोन लावला. "बाबा, तुम्ही राहत होते ना, तो घर, I'm in it! आणि तो जिना, they want it out."

"अगं, तो जिना?" श्रीनिवास पलीकडून ओरडले. "आम्ही त्याच्यावरून लोखंडी कपाट चढवलंय!"

"कपाट is not evidence, बाबा."

"मग तू काढ ना पुरावा!"

तिनं लोड टेस्ट मागितली. मी मोडलो असतो तर माझ्याबरोबर तिचा शब्दही मोडला असता, पुढे कुणी तिचं ऐकलं नसतं. हे तिलाही माहीत होतं.

टेस्टच्या दिवशी माझ्या पायऱ्यांवर मोठमोठ्या पिशव्या ठेवून त्यांत पाणी भरू लागले. खाली किती दबतोय ते दाखवणारे काटे लावले होते. श्रीनिवास काठी टेकत आले आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून दारात उभे राहिले. पाणी चढलं, काटे सरकले. आणि काड्कन आवाज आला. खाली एक ढलपा पडून फुटला.

"ईशानी, बाहेर ये!" श्रीनिवास ओरडले.

ग्रेगनं पाणी बंद करायला नळाकडे हात नेला. ईशानीनं वाकून टॉर्च मारला. तुटलेली जागा बोटानं चाचपली.

"प्लास्टर आहे, बाबा. दगड नाही." मग ग्रेगकडे वळून, "Keep filling."

टॉर्च तिनं तिथंच रोखून धरला.

ठरलेलं सगळं वजन चढलं. मी वेगळं काहीच केलं नाही, जसा बसवला होता तसा बसून राहिलो. पाणी सोडलं, आणि काटे होते तिथं परत आले. ग्रेगनं ते पुन्हा वाकून पाहिले आणि मान हलवली. "ओके. राहू दे त्याला."

ईशानी माझ्या तळच्या पायरीवर धपकन बसली. "बाबा, मी थोडा घाबरली होती."

"थोडी," श्रीनिवासनी सुधारलं.

"थोडी नाही हो, खूप!" आणि दोघंही मोठ्यानं हसले.

आता तड्यात स्टीलची पिन आहे. मागच्या बाजूला लिफ्ट आलीय. फ्लॅटमधली माणसं सामान असलं की तिनं जातात, नाहीतर माझ्यावरून. मी धडधाकट आहे. दाराजवळच्या पाटीवर मात्र लिहिलंय, 'वास्तुविशारद: अज्ञात'. ईशानीनं शोधलं पुष्कळ, तिला नाव सापडलं नाही. म्हणून आज मीच तोंड उघडलं. कुणी विचारलं तर सांगा, गास्पार मोर्वेल. उच्चार चुकला तरी चालेल, इथल्या लोकांना तो त्याच्या हयातीतही कधी धड जमला नाही. पाय मात्र बिनधास्त टाका.