तळहाताएवढी पक्कड

धाकटी पेटंट घेतेय म्हणे! कशाचं, तर बाबांच्याच पकडीचं! बरण्यांची घट्ट बसलेली झाकणं उघडायची ही हातभर लांब पक्कड आमच्या वर्कशॉपात बाबांनी तयार केली. इतकी वर्षं ती घासली मी, विकली मी. बाईसाहेबांनी काय केलं? आईची बोटं दुखतात म्हणून तीच पक्कड तळहाताएवढी केली. आणि बाबा ज्याला त्याला सांगत सुटले, "माझ्या लेकीने शोध लावला!" माझ्या पाठीवर कधी थाप पडली नाही हो त्यांची. जळफळाट नुसता माझा.

मी थेट पेटंट कार्यालयात हरकत घेतली. माझे वकील म्हणाले, "नुसता आकार बदलला तर पेटंट मिळत नाही. पण लहान करताना काही नवं साधलं असेल, तर गोष्ट वेगळी."

"नवं कसलं डोंबल्याचं! मी करून दाखवतो."

वर्कशॉपचं दार लावून बसलो. बाबांच्या पकडीचं एकेक माप घेतलं आणि सगळं सारख्याच प्रमाणात लहान केलं. कानशीने दात असे घासले की बघत राहावं. बरणीवर लावून बघायची? छे! बाबांचीच तर पक्कड, उघडणारच.

सुनावणीला अधिकारी बाईंनी टेबलावर बरणी ठेवली. पलीकडे धाकटी, तिच्या शेजारी बाबा. मी ऐटीत पक्कड झाकणाला लावून पिळली. सर्रकन घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. माझे कान तापले. मग धाकटीने तिची लावली आणि झाकण टचकन सुटलं.

"दांडा लहान झाला की जोर पुरत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी दात तिरके केले. जितकं पिळाल तितके ते रुततात."

अधिकारी बाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे नुसती लहान करून भागत नाही, हे तुम्हीच दाखवलंत की."

घ्या! आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

बाहेर आल्यावर बाबांनी माझी पक्कड मागून घेतली. दातांवरून हळूच अंगठा फिरवला.

"काम सुरेख केलंस रे," ते म्हणाले.

जन्मभर ज्याची वाट बघितली ते शब्द!

मग त्यांनी ती पक्कड धाकटीच्या हातात दिली. "जपून ठेव हो. पुन्हा कुणी हरकत घेतली तर दाखवायला होईल."