कडेवरचा ओरखडा

राजाचा मुकुट गेला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. त्याच्या जागी सूर्य आला. बारा वर्षांनी सूर्य मावळला आणि पाच तारे आले. आता तारेही गेले, आणि परवापासून आमच्या टांकसाळीत बगळा छापला जातोय. बगळा! मी साहेबांना विचारलं, "शौर्यपदकावर हा एका पायावर कशाला उभा?" म्हणाले, "समितीनं ठरवलंय." झालं! समितीपुढे कुणाचं काय चालणार?

सरकार बदललं की पदकं बदलतात. जुनी परत मागवून वितळवायची, नवी द्यायची. चित्र यंत्र छापतं, पण कडेवरचं नाव हातानं कोरायचं. आणि पहिल्यांदा ज्यानं कोरलं, त्यानंच, तो जिवंत असेपर्यंत. ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे काही शूरांची नावं मी तीन-तीनदा कोरली आहेत. त्यांतलं एक माझ्या दादाचं.

दादा नावाडी होता. बुडत्या बोटीतून त्यानं अकरा माणसं काढली. बाराव्यासाठी परत गेला, तो गेलाच. त्याचं मुकुटाचं पदक माझ्याच टेबलावर आलं. नोकरीला सहा महिने झाले होते. "जमेल ना?" उस्तादांनी विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं, आणि शेवटच्या अक्षराशी हात थरथरला. कोरणी घसरली, कडेवर ओरखडा उठला. मी कुणाला काही बोलले नाही.

आईला तेव्हाही दिसत नव्हतं. ती खिडकीशी बसून पदकाच्या कडेवरून अंगठा फिरवायची, ओरखड्याशी थांबायची आणि म्हणायची, "हा बघ, आला." तिचा मुलगा तिथे होता. तो ओरखडा गेला असता तर दादा तिच्या हातून दुसऱ्यांदा गेला असता. म्हणून दर वेळी पदक घासूनपुसून आणते अशी थाप मारून मी ते नेलं आणि नव्या पदकावर तस्साच ओरखडा काढला. साहेबांना कळलं असतं तर मला कायमचं घरी बसवलं असतं. बसवू देत!

काल दुपारी ताऱ्यांची पदकं भट्टीत गेली. शेजारी पॉलिशचं चाक घुमत होतं, चांदीची धूळ उन्हात तरंगत होती, आणि मला डुलकी लागली. मुशीत तारे विरघळले, त्यांच्याखाली सूर्य दिसला. सूर्य विरघळला, तर खाली मुकुट. मुकुटही गेला आणि नुसतं पाणी उरलं, शांत, चकाकणारं. त्यावर दादाची होडी. केस ओले, शर्टाला एकही पदक नाही.

"काय गं, अजून कोरतेच आहेस?" त्यानं विचारलं.

"तू नाव लहान ठेवलं असतंस तर लवकर संपलं असतं."

तो खो-खो हसला. होडीत बारा माणसं होती. मी नीट मोजली.

जागी झाले तेव्हा मन कसं हलकं झालं होतं. बगळ्याचं पदक पुढ्यात ओढलं, नाव कोरलं, ओरखडा काढला आणि घरी निघाले.

आईनं अंगठा फिरवला. ओरखड्याशी थांबली. "हा बघ" काही म्हणाली नाही. पुन्हा फिरवला.

"हा सरळ आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पहिला नागमोडी होता. सूर्याच्या वेळचा जरा कमी. ताऱ्यांच्या वेळी जेमतेम वळण."

"तुला सगळं माहीत होतं?"

"मला दिसत नाही, पण अक्कल शाबूत आहे. बोटांना मुकुट आणि बगळा कळत नाही होय?"

"मग इतकी वर्षं दादाला कशाला शोधत होतीस यात?"

"दादाला कोण शोधतंय? तो गेला, मला ठाऊक आहे." तिनं माझा हात चाचपून धरला. "तू कधी रडली नाहीस, पोरी. तुझा हात तेवढा थरथरला होता. तो कधी थांबतोय, ते बघत होते."

एक्कावन्न वर्षांची बाई मी, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि धाय मोकलून रडले.

"रड," आई म्हणाली. "बगळा पाण्यातलाच आहे, त्याला चालेल."