समृद्धी सरांकडे, कादंबरी मॅडमकडे

वसुंधरा आणि सत्यजीत यांच्या लग्नाला वीसेक वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत त्यांचं कडाक्याचं भांडण असं कधी झालं नव्हतं. सासू-सासरे, मुलीचं शिक्षण, बदल्या, घराचा रंग, सगळं समजुतीनं निभावलं होतं. शेवटी भांडण लागलं ते कादंबरीवरून.

कादंबरी म्हणजे वसुंधराच्या पनवेलच्या कॉलेजात यंदा पहिल्या वर्षाला आलेली मुलगी. वडिलांची पुण्याहून इकडे बदली झाली आणि ती नव्या पनवेलला राहायला आली. अंगानं सडपातळ, स्वभावानं अबोल, आणि उंची अशी की वर्गात शिरताना सवयीनं मान खाली घालायची. शाळेत बास्केटबॉल खेळलेली.

वसुंधरा कॉलेजच्या जिमखान्याची प्रमुख. तिचा स्वतःचा खेळ खो-खो. बास्केटबॉल तिच्या वाट्याला नोकरीबरोबर आला. कॉलेजात कोर्ट होतं, मुली खेळायला येत होत्या, म्हणून ती शिकत शिकत शिकवू लागली. सत्यजीत मात्र तरुणपणी विद्यापीठाकडून खेळलेला. आता न्हावा शेव्याच्या एका कंपनीत कंटेनरच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेला असायचा, तरी वाटेत कुठे रिंग दिसली की त्याचा हात आपोआप वर जायचा. यंदा प्राचार्यांनी त्याला मानद प्रशिक्षक व्हायची गळ घातली. "घरचाच माणूस आहे," ते म्हणाले. वसुंधरानं आनंदानं मान डोलावली, आणि पुढच्या आठवड्यापासून स्टाफरूममध्ये तिला एकच प्रश्न ऐकू यायला लागला. "सर येणार का आज?"

एका रविवारी पोहे खाता खाता सत्यजीतनं टेबलावर संघ मांडला. लोणच्याची बरणी मध्यभागी ठेवली, भोवती चार लिंबं.

"ही बरणी म्हणजे कादंबरी. बाकीच्या चौघींना काम एकच. बॉल बरणीपर्यंत पोचवायचा."

वसुंधरानं बरणी उचलून बाजूला ठेवली आणि त्या जागी एक लिंबू सरकवलं. "ही समृद्धी. संघ हिच्याभोवती बांधायचा."

समृद्धी दुसऱ्या वर्षाला होती. उरणजवळच्या करंजा गावची, कोळ्याघरची. रोज एसटीनं ये-जा करायची. चणीनं लहान, पण आवाज असा की कोर्टाच्या या टोकाहून बोलली तर त्या टोकाची मुलगी वळायची. खेळताना तिचं तोंड सारखं चालू असायचं. कोण मोकळं आहे, कोण दमलंय, कुणाच्या मागून कोण येतंय, सगळं ती सांगत राहायची, आणि संघ तिच्या बोलण्यावर हलायचा. एकच उणीव होती. तिनं टाकलेला बॉल रिंगला नुसता लागला तरी मैत्रिणी टाळ्या वाजवायच्या.

"उंची शिकवता येत नाही, वसू," सत्यजीत म्हणाला.

"बोलणंही शिकवता येत नाही. तुझ्या कादंबरीला अजून मुलींची नावं माहीत नाहीत. खो-खोत जी खो मिळाल्याबरोबर उठत नाही, ती कितीही जोरात पळणारी असली तरी काय उपयोग?"

"पण हा खो-खो नाही ना."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं, हे त्यालाही बोलल्याबरोबर कळलं. वसुंधरानं उरलेले पोहे शांतपणे संपवले, ताटली सिंकमध्ये ठेवली आणि नळ बंद करून मगच वळली.

"दोन टीम करू. एक तुझी, एक माझी. पंधरा दिवस शिकवू आणि मग आपापसात मॅच. कुणाचं खरं ते कोर्टावर दिसेल."

"चालेल," सत्यजीत म्हणाला. आतून तो खूशच झाला होता.

सोमवारी संध्याकाळी मुली कोर्टावर जमल्या. वसुंधरानं बेत सांगितला. सत्यजीतनं लगेच कादंबरीचं नाव घेतलं, वसुंधरानं समृद्धीचं. तेवढ्यात कर्णधार विनितानं हात वर केला. विनिता शेवटच्या वर्षाला होती आणि पुढे वकील व्हायचं तिनं शाळेतच ठरवून टाकलं होतं.

"मॅडम, एक विनंती आहे. हे मासळीबाजारात पापलेट निवडल्यासारखं वाटतंय. त्यापेक्षा आम्हाला निवडू द्या ना. जिला ज्यांच्याकडे शिकायचंय, ती त्यांच्याकडे जाईल."

नवरा-बायको दोघांनाही आपापल्या मुलीची खात्री होती. दोघंही लगेच हो म्हणाले.

सगळ्यांत आधी समृद्धी हलली. ती ताडताड चालत गेली आणि सत्यजीतशेजारी जाऊन उभी राहिली. वसुंधराला वाटलं, ती चुकली असावी.

"समृद्धी, अगं इकडे."

"नाय मॅडम, मी बरोबर आलेय." समृद्धी घाईत असली की घरची भाषा बोलायची. "तुम्ही म्हणता मला सगळं येतं. सर म्हणतात माझा शॉट बेकार हाय. मग शिकायचं तर सरांकडेच ना?"

सत्यजीतनं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. आदल्याच दिवशी ज्या मुलीला त्यानं टेबलावर लिंबू करून ठेवलं होतं, ती आता डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत होती.

मग कादंबरी. ती बराच वेळ जागच्या जागी उभी होती. शेवटी लांब लांब पावलं टाकत वसुंधरापाशी आली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, शाळेपासून मला रिंगखालीच उभं करतात. मला पळायचंय."

वसुंधरा तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. बघायला मान चांगलीच वर करावी लागली. या मुलीला काही म्हणायचं असेल, असा विचार आपण महिनाभरात एकदाही केला नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या जाणवलं. विनिता आणि आणखी काही जणी मॅडमकडे आल्या, बाकीच्या सरांकडे गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून कोर्टाच्या अर्ध्या भागात भलतंच काही सुरू झालं. वसुंधरानं बास्केटबॉल बाजूला ठेवला, मुलींना रांगेत बसवलं आणि चक्क खो-खो सुरू केला. नियम एकच जास्तीचा. खो देताना त्या मुलीचं नाव घ्यायचं, तेही मोठ्यानं. कादंबरीचे लांब पाय उठताना एकमेकांत अडकले आणि ती आडवी झाली. उठली, पुन्हा आडवी झाली, आणि तिसऱ्यांदा पडल्यावर खाली बसूनच हसायला लागली. संघातल्या कुणीही तिला आधी हसताना बघितलं नव्हतं. सुरुवातीला ती नाव घ्यायची ते पुटपुटल्यासारखं. दुसऱ्या आठवड्यात तिनं "विनिता" अशी हाक मारली, तर गेटवरचा वॉचमन खुर्चीतून उठून बघायला आला.

कोर्टाच्या दुसऱ्या अर्ध्यात सत्यजीतची वेगळीच परीक्षा चालली होती. त्यानं समृद्धीला कोपर आत घ्यायला सांगितलं. तिनं विचारलं, का? मनगट सैल सोड म्हणाला, तर का? बॉल इतका वर का? सत्यजीतला त्याच्या प्रशिक्षकानं सांगितलं होतं, कर म्हटलं की कर, आणि त्यानं ते केलं होतं. त्यामागचं कारण त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. आता तो ऑफिसातून निघताना गाडीत स्टिअरिंगवर मनगट हलवून बघायचा आणि कारण शोधायचा. ट्रकांच्या रांगेत अडकला तरी पूर्वीसारखा चिडायचा नाही.

"वसू, ती मुलगी कोर्ट कसं बघते, तुझ्या लक्षात आलंय का?" एकदा जेवताना तो म्हणाला. "पास यायच्या आधी तिला ठाऊक असतं तो कुठे येणार."

"हे तू मला सांगतोयस?" वसुंधरा म्हणाली. "मी रविवारी काय सांगत होते?"

ठरल्याप्रमाणे मॅच झाली. सत्यजीतची टीम थोडक्यात जिंकली. त्यात एक बास्केट समृद्धीची होती. बॉल रिंगवर दोनदा नाचून आत पडला, तेव्हा वसुंधराच्या टीमनंही आरडाओरडा केला. घरी आल्यावर चहा घेऊन दोघं पुन्हा संघ ठरवायला बसले.

"माझं मत स्पष्ट आहे," सत्यजीत म्हणाला. "समृद्धीशिवाय हा संघ उभा राहू शकत नाही."

"आणि कादंबरीचं काय? त्या मुलीला तू खांबासारखं उभं करणार होतास. ती धावते कशी बघितलंस? संघ तिच्याभोवती बांधायचा."

"वसू, नुसत्या उंचीवर मॅच जिंकता येत नाहीत."

"उंची काय रस्त्यावर पडलीय का?"

दोघंही एकदम थांबले. आपण एकमेकांचीच वाक्यं बोलतोय हे आधी वसुंधराच्या ध्यानात आलं, आणि तिला इतकं हसू आलं की सत्यजीतनं कप खाली ठेवून तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. मग तोही हसत सुटला. त्या संध्याकाळी बारा जणींचा संघ एकही वाद न होता ठरला. दोघीही पहिल्या पाचांत. संघ कुणाभोवती बांधायचा, हा प्रश्न त्यांनी सोडूनच दिला.

टाइम-आउटमध्ये कोण बोलणार, एवढंच राहिलं होतं. तो निकाल दुसऱ्या दिवशी कोर्टावर विनितानं दिला. "एकदा मॅडम, एकदा सर. दोघं एकदम बोलायचं नाही, आणि घरचं घरी."

विभागीय स्पर्धेत मुलींनी पहिल्या दोन मॅच बऱ्यापैकी सहज जिंकल्या. उपांत्य फेरीत गाठ पडली ती ठाण्याकडच्या एका तगड्या कॉलेजशी. मागच्या वर्षी याच मुलींनी पनवेलला पार लोळवलं होतं. प्रेक्षकांत समृद्धीची आई भामा नणंदेला घेऊन आली होती. खेळातलं तिला काही कळत नव्हतं, पण पोरीच्या हातात बॉल आला की ती पदर घट्ट धरायची.

मॅच शेवटच्या मिनिटात आली तेव्हा पनवेल एका गुणानं मागे होतं. टाइम-आउट झाला. पाळी सत्यजीतची होती. त्यानं तोंड उघडलं, मुलींकडे बघितलं, मग बायकोकडे.

"तू बोल," तो म्हणाला.

वसुंधरानं एकेकीकडे नजर फिरवली. सगळ्या धापा टाकत होत्या, आणि समृद्धी तशातही कादंबरीच्या कानाला लागून काहीतरी सांगत होती, कादंबरी मान हलवत होती.

"मला सांगायचंय ते यांचं यांनीच चालवलंय," वसुंधरा म्हणाली. "पाणी प्या सगळ्यांनी."

खेळ सुरू झाला. बॉल रिंगखाली कादंबरीकडे आला आणि ठाण्याच्या दोघी तिला येऊन चिकटल्या. तिसरीही धावली, कारण समृद्धीला अडवायची गरज कुणालाच वाटत नव्हती. तिचा शॉट त्यांनी मागच्या वर्षी बघितला होता. कादंबरीनं बॉल डोक्यावर धरला आणि ओरडली, "समू, घे."

तो आवाज सगळ्या हॉलभर गेला. समृद्धीनं बॉल घेतला, कोपर आत घेतलं, मनगट सोडलं. बॉल बोर्डाला लागला आणि जाळीतून सरळ खाली आला.

उरलेल्या सेकंदांत ठाण्याच्या मुलींनी एक लांबचा शॉट मारून बघितला, तो हुकला. शिट्टी वाजली. विनितानं वकिली विसरून कोर्टावर चक्क लोळण घेतली. वसुंधरा वळली तर सत्यजीत दोन्ही हातांनी डोळे पुसत होता आणि घाम आलाय म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना ते चांगल्या फरकानं हरले. समोरच्या मुली खरोखरच सरस होत्या, आणि सत्यजीतनं त्यांच्या एका शॉटला मोठ्यानं दादही दिली. त्यावर विनितानं त्याच्याकडे बघून डोळे वटारले. पण उपविजेतेपदाचा का होईना, कॉलेजात बास्केटबॉलचा पहिला चषक आला.

पुढच्या रविवारी भामानं सगळ्यांना करंज्याला जेवायला बोलावलं. अंगणात पंगत बसली. तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचं कालवण, तळलेली सुरमई. कादंबरीला काटे काढता येत नव्हते, तर समृद्धी आपलं जेवण सोडून तिला तुकडी साफ करून देत होती आणि तिचं तोंड अर्थातच चालू होतं. कादंबरीही आता तिला उलट उत्तरं देत होती.

"खाऊन कुठं जातं गो हिचं?" भामा कादंबरीकडे बघून वसुंधराला म्हणाली. "आजून वाढंल का ही?"

"वाढू दे की," वसुंधरा म्हणाली.

भामा वाढता वाढता तिच्याशेजारी टेकली. "मॅडम, एक विचारू? त्या दिशी समूनं बॉल टाकला तो तिला कोनी शिकवला? येवढी वर्सं तर तिला जमत नवता."

वसुंधरानं अंगणाच्या त्या टोकाला बघितलं. तिथं सत्यजीत समृद्धीच्या काकाला हाताचं कोपर आत घेऊन काहीतरी दाखवत होता आणि त्याच्या पानातली भाकरी गार होत होती.

"माझ्या नवऱ्यानं," ती म्हणाली. म्हणताना तिला इतकं छान वाटलं की तिनं भामाला ऐकू गेलं नसेल असं समजून ते पुन्हा एकदा सांगितलं.

भामा उठली आणि सुरमईची सगळ्यांत मोठी तुकडी घेऊन सरांच्या पानाकडे निघाली.