योगीराज महाराजांचा पांढरा दात

उमरग्याजवळच्या आमच्या गावात दर मंगळवारी जत्रा भरायची, आणि देव कोण? तर एक दात! योगीराज महाराजांचा, वरच्या ओळीतला, अगदी समोरचा. बाकीचे दात तंबाखूच्या मिश्रीनं काळेकुट्ट आणि हा एकटा पांढराफेक. महाराज सगळ्यांदेखत मिश्री घासत, खळाखळा चूळ भरत आणि बोटानं ओठ वर ओढत.

"बघा! किडका पडला, अनुष्ठान केलं, नवा उगवला. ज्याला पाप लागंना, त्याला मिश्री काय लागंल? माझी दंतविभूती लावा, डॉक्टरच्या गोळ्या सोडा. गोळीच्या वासानं नवा दात लाजतो!"

दात लाजतो म्हणे! सांगणाऱ्याला लाज नव्हती, तो भाग वेगळा. बायका मात्र माना डोलवायच्या. जन्मभर मिश्री लावलेल्या त्या. मिश्री कुठल्या दाताला सोडत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणूनच तर त्या फसल्या.

त्यांत माझी थोरली बहीण हरणाक्काही होती. गाल टम्म सुजलेला, अंगात ताप, वर साखरेचा आजार, आणि गोळ्या बंद. मी मास्तरकीत हयात घालवलेला माणूस. तिला समजावून घसा बसला. शेवटी माझ्या मुलीला, शिवकन्याला, बोलावलं. उमरग्यात तिचा दातांचा दवाखाना आहे. ती आली ती थेट जत्रेच्या गर्दीत, आक्कापाशीच.

"आत्या, पू गळ्याकडं उतरला तर जीव जाईल. आत्ताच चला."

"मग महाराजांचा दात खोटाय व्हय? मिश्रीनं काळा होईना त्यो!"

शिवकन्यानं आक्काच्या हातातला कान तुटलेला चिनी मातीचा कप घेतला. आक्काची मिश्री वर्षानुवर्षं त्यातच असायची. मिश्री कागदावर ओतून तिनं कप पुसला. आतून लख्ख पांढरा!

"ह्यानं कुठलं अनुष्ठान केलं, आत्या?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"महाराजांचा दातबी ह्या कपाच्याच भावकीतला. कॅमेऱ्यानं तोंडाचा नकाशा घ्यायचा, संगणकावर दाताचा आकार बनवायचा. मग यंत्र चिनी मातीसारख्या पांढऱ्या ठोकळ्यातून टोपी कोरून देतं. ती भट्टीत भाजायची आणि जुना दात घासून त्यावर चिकटवायची. असल्या टोप्या मी रोज बसवते. रंग तेवढा शेजारच्या दातांशी जुळवते, म्हणून त्यांची जत्रा भरत न्हाय."

महाराज खवळले. "देवाच्या दाताला नावं ठेवतीस? घे, तपास!" म्हणत त्यांनी जबडा वासला. आजवर सगळ्यांनी समोरूनच पाहिलं होतं. शिवकन्यानं पिशवीतून लहान आरसा काढून दाताच्या मागं धरला आणि बॅटरी लावली.

"तुम्हीच बघा, आत्या."

मागच्या बाजूनं हिरडी सरकली होती आणि टोपीच्या कडेला जुन्या दाताचा काळा खुंट उघडा पडला होता.

"आगं बया! मागनं काळाच की! जुन्याच दाताला टोपडं घातलंय मेल्यानं!"

महाराजांनी तोंड मिटलं. चेला म्हणाला, "महाराजांचं मौन सुरू झालंय."

आक्काचा पू त्याच दुपारी काढला. ती वाचली. घरी आल्यावर तिनं मिश्री उकिरड्यावर फेकली, कप ठेवला. आता कुणी दंतविभूतीचं नाव काढलं की तोच कप पुसून पुढं करते.

मला राग महाराजापेक्षा आम्हा शहाण्यांचा येतो. इतके मंगळवार गेले, मागून बघायचं कुणालाच सुचलं नाही, मलासुद्धा. भवानीला खुशाल हात जोडा, पण सूज आली तर दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर मागून बघायला मागा. खऱ्याला त्याचा राग येत नाही.