तेलाचे दोन थेंब

मयुरीने नवी छर्‍याची बंदूक आणली आणि ती आधी बेबाबाईकडे घेऊन गेली. मी ओट्यावरच बसले होते, भरताची वांगी निवडत. माझी सख्खी नात, माझ्या योगेंद्रची मुलगी, माझ्यासमोरून खोकं घेऊन गेली आणि अंगणापलीकडे माझ्या थोरल्या जावेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मोठी आजी, बघ ना! आजच जळगावहून आणली. रविवारी धुळ्याला स्पर्धा आहे."

पोरीची चूक नव्हती. आमच्या घरात बंदूक चालवलेली बाई एकच, बेबाबाई, हे सगळ्यांना पाठ आहे. तिचा फोटोही आहे. केळीच्या बागेत बेबाबाई खांद्याला बंदूक लावून उभी आणि शेजारी आमचे हे, हसत. त्या फोटोत मी नाही. मी तेव्हा चुलीपाशी होते.

पन्नासच्या वर वर्षं झाली त्याला. बागेत माकडं उतरायची. यांनी बांधावर जुना पत्रा टांगला होता. त्यावर छर्रा बसला की ठण्ण आवाज व्हायचा आणि सगळी टोळी तापीकडे पळायची. बंदुकीची दुरुस्ती हे स्वतःच करत, अंगणात बसून, आणि शेजारी बेबाबाई. ती भावजय, दिराशी हसायबोलायची तिला मुभा. मी धाकटी सून. सासूबाईंच्या देखत दिवसा नवर्‍याशी शब्दही बोलायची सोय नव्हती. मी दाराआड भाकरी थापायची आणि ऐकायची. स्प्रिंग कशी बसवायची, वॉशर कधी बदलायचा, सगळं ऐकलं. दर वेळी "वहिनी, हे पाहा" कानावर आलं की माझी एक भाकरी करपायची. सासूबाई गेल्या आणि बोलायची मोकळीक मिळाली, तोवर बंदूक माळ्यावर गेली होती.

बेबाबाईने नवी बंदूक हातात घेतली, उलटीसुलटी केली. ऐंशी वर्षांची बाई, पण ऐट तीच.

"आधी तेल पाज तिले," ती म्हणाली. "जीवराम भाऊजी दोन थेंब टाकतच होते."

मयुरी शिलाई मशीनचं तेल घेऊन आली. नळीमागे हवेचं भोक असतं, त्यात तिने दोन थेंब टाकले, वर एक जास्तीचा.

मी वांगं खाली ठेवलं. यांचं तेल होतं ते चामड्याच्या वॉशरसाठी. शेवटी शेवटी यांनी प्लास्टिकच्या वॉशरची बंदूक आणली, तेव्हा म्हणाले होते, "हिला तेल नको वहिनी, आत पेटतं." वहिनीला दोन थेंब तेवढे लक्षात राहिले होते.

मातीने भरलेल्या पोत्यावर कागद लावून मयुरीने पहिला छर्रा सोडला. ठाप्प! नळीतून निळा धूर आला, जळक्या तेलाचा वास माझ्यापर्यंत पोचला. छर्रा कागदाच्याही वर गेला.

"मागची नेमाची पट्टी खाली घे," बेबाबाई म्हणाली.

पुढचा छर्रा डावीकडे गेला. तिने पट्टी उजवीकडे घेतली. त्याच्या पुढचा पुन्हा वर. दोन दिवस हेच चाललं होतं. पोरगी स्क्रू फिरवतेय, बेबाबाई हुकूम सोडतेय. मला एक वाक्य बोलायचं होतं. ते मी गिळलं. विचारलं तर सांगेन, असं मी मनाला समजावत होते. खरं तर बेबाबाईची फजिती पाहायची होती मला, सगळ्यांदेखत.

शुक्रवारी मयुरीने बंदूक आणून माझ्या ओट्यावर ठेवली.

"मी नाही जात धुळ्याला. बंदूक चांगलीये, नेमबाजीचे सर म्हणतात. मलाच येत नाही."

ती आवाज न करता रडत होती. यांची सवय. बेबाबाईचं काहीच बिघडलं नव्हतं, बिघडलं होतं ते या पोरीचं.

"धूर तेलाचा आहे, त्यानेच छर्रा भरकटतो," मी म्हटलं. "तुझ्या हाताचा दोष नाही."

तिने डोळे पुसले.

काडीला चिंधी गुंडाळून मी तिला नळी आतून पुसायला लावली. मग पोत्यावर नुसते छर्रे सोडायला सांगितले, नेम न धरता, धूर थांबेपर्यंत. चाळीसएक लागले. तोवर मी लाकडी दस्त्याचे स्क्रू बघितले. दोन ढिले होते.

"आजी, पट्टी फिरवू?"

"पट्टीला हात लावशील तर बघ! आधी छर्रे एका जागी पडू देत. आणि मूठ आवळू नको. तान्ह्या बाळाचं डोकं धरतात ना, तशी बंदूक डाव्या तळव्यावर ठेव. ती उडी मारते, मारू दे."

पाच छर्रे मारले. मधल्या वर्तुळाच्या खालीच पडले सगळे, पण पाची भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती.

"आता फिरव पट्टी."

बेबाबाई कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"काय वं सुमन, तुले हे कोनं शिकवलं?"

"तुम्हाला शिकवत होते ना, अक्का, तेच ऐकलं."

"मले?" ती ओट्यावर टेकली. "अवं, मले त्यातलं काही उमजत नव्हतं. भाऊजी बोलत मह्याशी आन् पाहत दाराकडे. मी म्हने, भाऊजी, किती वरडता, मी बहिरी हाये का? तर म्हनत, वहिनी, तुम्ही फक्त हो म्हना, आवाज आत गेला पाह्यजे."

मला रागच आला.

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"काहून सांगू?" ती फणकारली. "तुहा नवरा भिंतीपल्याड बोलत होता. महा तर ताटावर समोर बसूनही कधी बोलला नाही. मले काय कमी जळायले झालं असन?"

मयुरी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होती. "तुमचं झालं असेल तर मी सराव करू का?"

धुळ्यात तिचा चौथा नंबर आला. परत आली ती थेट माझ्या ओट्यावर, बेबाबाईचं दार मागे टाकून. मी मुद्दाम त्या दाराकडे बघितलं. बेबाबाई उंबर्‍यातच होती.

"दोघी उभ्या राहा," मयुरी म्हणाली, "फोटो काढते."

बेबाबाईने सवयीने बंदुकीकडे हात नेला. बंदूक रिकामी होती, नळी उघडलेली. मी ती आधी उचलली.

"या वेळी तुम्ही हसा, अक्का," मी म्हटलं, आणि दस्ता खांद्याला लावला.